एका पक्षाची खतावणी: स्वतंत्र पक्षाचा चढ-उतार वहीत कसा मांडायचा

मी राज्यशास्त्र शिकलेलो नाही. बी.कॉम. झालो, एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो आणि ३४ वर्षं जमा-नावे करून निवृत्त झालो. स्वतंत्र पक्षाशी, म्हणजे १९५९ ला निघालेल्या आणि कमीत कमी सरकारी हस्तक्षेप मागणाऱ्या पक्षाशी, गाठ पडली ती बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेमुळे. अभ्यासाला एक खटला होता, रुस्तम कावसजी कूपर विरुद्ध भारत सरकार. सरकारने १९ जुलै १९६९ ला १४ बँका ताब्यात घेतल्या, कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १० फेब्रुवारी १९७० ला ११ न्यायाधीशांपैकी १० जणांनी तो कायदा रद्द ठरवला. चार दिवसांत नवा वटहुकूम आला आणि बँका पुन्हा सरकारच्या. हे कूपर स्वतंत्र पक्षाचे. त्यांचा कोर्टातला विजय टिकला असता तर आमच्या तालुक्याच्या गावी शाखा उघडली असती की नाही कोण जाणे, आणि मला नोकरी लागली असती की नाही तेही. पोट भरलं ते त्यांच्या पराभवावर, आणि निवृत्तीनंतर वही उघडली तीही त्यांच्याच नावाने. असो.

आता पद्धत सांगतो. स्वतंत्र पक्ष उदाहरणाला घेतलाय, कारण हा पक्ष १५ वर्षांत जन्मला, वाढला आणि संपला. सगळं एका दोनशेपानी वहीत मावतं. दुसरा कुठला छोटा पक्ष मांडायचा असेल तरी रकाने हेच.

लागणारं सामान फार नाही. आडवी मोठी वही, लाल आणि निळं पेन, पेन्सिल, आणि निवडणूक आयोगाचे जुने सांख्यिकी अहवाल. लोकसभेचे वेगळे, प्रत्येक विधानसभेचे वेगळे. ते आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पक्षांची नावं त्यात लघुरूपात असतात, म्हणून सुरुवातीची यादी आधी उतरवून घ्या, नाहीतर दहाव्या पानावर डोकं फिरतं. पुढाऱ्यांची चरित्रं, आठवणी वगैरे नंतर वाचायची. आधी वाचलीत तर प्रत्येक आकडा त्या पुढाऱ्याच्या चष्म्यातून दिसतो. मी आधी वाचली होती, म्हणून सांगतोय.

पहिलं पान: कोण काय घेऊन आलं

लोक पक्षाची जन्मतारीख लिहितात आणि पुढे जातात. त्याआधीचे सहा महिने लिहा. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि तिथे संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र करून कसायच्या, मालकी कागदावर शेतकऱ्याची. जमीनदार बिथरले, मध्यम शेतकरीही बिथरला. जूनमध्ये मद्रासला राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, नव्या पक्षाची घोषणा केली, आणि १ व २ ऑगस्टला मुंबईत पूर्वतयारीचं अधिवेशन भरलं. आचार्य रंगा अध्यक्ष, मिनू मसानी सरचिटणीस.

आता रकाना पाडा. नाव, १९५९ सालचं वय, आणि 'सोबत काय आणलं'. माझ्या वहीत असं आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी, ८०: देशभरची पत, भारताच्या शेवटच्या गव्हर्नर जनरलची प्रतिष्ठा, धारदार लेखणी. 'परमिट-लायसन्स-कोटा राज' हा शब्दप्रयोग त्यांचाच. होमी मोदी, ७७: मुंबईच्या उद्योगजगतातल्या ओळखी. कन्हैयालाल मुन्शी, ७१: घटना समितीचा अनुभव, गुजरातीतलं नाव. भाईलालभाई पटेल, म्हणजे भाईकाका, वल्लभ विद्यानगर वसवणारे, ७१: गुजरातच्या चरोतर भागातले पाटीदार शेतकरी. रंगा, ५८: आंध्रचा शेतकरी. मसानी, ५३: संघटना, टंकलेखन, हिशेब, आणि एके काळचा समाजवादी असल्यामुळे समाजवादावर बोलायचा अधिकार.

वयाचा रकाना मी सहज म्हणून पाडला होता. भरल्यावर पेन खाली ठेवलं. बँकेत सात जणांच्या शाखेत पाच जण दोन वर्षांत निवृत्त होणारे असले की हेड ऑफिसला आम्ही पत्र लिहायचो. या पक्षात ते पत्र कुणी लिहिलं नाही. होमी मोदी १९६९ ला गेले, भाईकाका १९७० ला, मुन्शी १९७१ ला, राजाजी २५ डिसेंबर १९७२ ला, वयाच्या ९४ व्या वर्षी. नाव घ्यावं असा पुढच्या पिढीतला माणूस म्हणजे पिलू मोदी, होमी मोदींचेच चिरंजीव, धंद्याने वास्तुरचनाकार. संसदेत त्यांच्या विनोदावर सगळं सभागृह हसायचं. विरोधकांवर सीआयएचा हस्तक असल्याचे आरोप व्हायचे, तेव्हा हे गृहस्थ 'मी सीआयएचा हस्तक आहे' अशी पाटी गळ्यात अडकवून सभागृहात गेले. माणूस दिलखुलास. पण एका माणसाच्या दिलखुलासपणावर पक्ष चालत नाही.

या पानावर एक वेगळा गट लाल पेनाने लिहा: राजेरजवाडे. बिहारात रामगढचे राजे कामाख्या नारायण सिंह आपला जनता पक्ष (१९७७ चा नव्हे) घेऊन आले. राजस्थानात जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. १९६२ ला त्यांना १,९२,९०९ मतं पडली, एकूण मतदान २,४६,५१६. ओडिशात राजेंद्र नारायण सिंह देव, पण ते जरा नंतर. लाल पेन का, ते पुढे कळेल.

जाहीरनामा शेवटून वाचा

या पक्षाची मूलतत्त्वं २१ कलमांत आहेत. पहिली कलमं सगळ्याच पक्षांची छान असतात, व्यक्तीचं स्वातंत्र्य, कमीत कमी सरकारी हस्तक्षेप, वगैरे. शेवटचं वाचा. त्यात म्हटलंय की या मूलतत्त्वांत न बसणाऱ्या बाकी सर्व प्रश्नांवर सदस्यांना मत मांडायची पूर्ण मोकळीक राहील.

उदारमतवादी माणसाला हे वाचून बरं वाटतं. मलाही वाटलं. पण शाखा चालवलेल्या माणसाला दुसरंही दिसतं. हिंदीच्या प्रश्नावर राजाजी एका टोकाला होते आणि उत्तरेतले त्यांचेच उमेदवार दुसऱ्या. भाषा हा मूलतत्त्वांचा प्रश्न नव्हता, म्हणून दोघेही नियमात बसत होते. मतदाराला मात्र एकच पक्ष दोन तोंडांनी बोलताना दिसायचा. तुम्ही ज्या पक्षाची वही करताय त्यात असं कलम शोधा. शिस्तीचं नसेल तर मोकळिकीचं असेल. आणि त्याच्यापुढे तारखा लिहीत जा, ते कधी कधी वापरलं गेलं त्याच्या.

आकडे

इथे मी तोंडावर आपटलो होतो, म्हणून सावकाश सांगतो.

लोकसभेचे तीनच आकडे आहेत. १९६२: १७३ जागा लढवल्या, १८ जिंकल्या, मतं ७.८९ टक्के. १९६७: १७८ लढवल्या, ४४ जिंकल्या, ८.६७ टक्के. १९७१: ५९ लढवल्या, ८ जिंकल्या, ३.०७ टक्के.

हे वाचून कुणीही काय म्हणेल? आधी जोरात वर, मग धाडकन खाली. मीही तेच म्हटलं. आमच्या गावच्या वाचनालयात भाषण ठेवलं होतं, फळ्यावर खडूने आलेख काढला, '१९६७ ला पक्ष अडीचपट झाला' असं ठणकावून सांगितलं. मागच्या रांगेतून एक निवृत्त शिक्षक उठले आणि म्हणाले, "साहेब, गणतंत्र परिषद १९६२ ला कुठे धरलीत?"

मी धरलीच नव्हती. ओडिशात सिंह देवांची गणतंत्र परिषद हा वेगळा पक्ष होता. १९६२ ची निवडणूक ती स्वतःच्या नावाने लढली, लोकसभेच्या ४ जागा आणि देशभरातल्या मतांपैकी ०.३० टक्के मतं मिळवली, आणि निवडणुकीनंतर स्वतंत्र पक्षात विलीन झाली. म्हणजे १९६७ च्या आकड्यात ओडिशा आहे, १९६२ च्या आकड्यात नाही. दोन बँकांचं विलीनीकरण झाल्यावर मागच्या वर्षीच्या ठेवी दोन्ही मिळून दाखवायच्या असतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि तरी मी तेच विसरलो. त्या संध्याकाळी चहा गोड लागला नाही.

दुरुस्त करून बघा. १९६२ ला खरी सुरुवातीची शिल्लक ७.८९ अधिक ०.३०, म्हणजे ८.१९ टक्के आणि २२ जागा. १९६७ ला ८.६७ टक्के आणि ४४ जागा. पाच वर्षांत मतं अर्धा टक्काही वाढली नाहीत. जागा मात्र दुप्पट.

मग जागा आल्या कुठून? त्यासाठी शेजारी जनसंघाचा रकाना घाला. १९६७ ला जनसंघाला ९.३१ टक्के मतं, स्वतंत्रपेक्षा जास्त, आणि जागा ३५, स्वतंत्रपेक्षा कमी. एका पक्षाची मतं थोडीथोडी पुष्कळ ठिकाणी पसरली होती, दुसऱ्याची काही ठिकाणी दाटून होती. दाट मतांना जागा मिळतात. शिवाय काँग्रेसविरोधी पक्षांनी ठिकठिकाणी एकमेकांसमोर उमेदवार द्यायचं टाळलं. मद्रासमध्ये तर राजाजींनी द्रमुकशी हातमिळवणी केली. तेव्हा १९६७ चा चढ हा पक्षाच्या विचाराचा चढ होता असं म्हणू नका. तो बराचसा वाटपाचा आणि काँग्रेसच्या घसरणीचा होता. काँग्रेस त्या वर्षी २८३ वर आली होती.

आता १९७१. ८.६७ वरून ३.०७, म्हणजे पक्ष एक तृतीयांश उरला, असं दिसतं. पण लढवलेल्या जागांकडे बघा. १७८ वरून ५९. तोही एक तृतीयांशच! बड्या आघाडीत, म्हणजे संघटना काँग्रेस (१९६९ च्या फुटीतली इंदिराविरोधी काँग्रेस), जनसंघ, संयुक्त समाजवादी आणि स्वतंत्र यांच्या वाटपात, याच्या वाट्याला एवढंच आलं. ज्या जागा लढवल्या तिथे दर जागेमागची मतं फारशी घटलेली दिसत नाहीत. मी यावर महिनाभर खूश होतो, की बघा, पक्ष मेला नव्हता, आकसला होता. मग लक्षात आलं, त्या ५९ जागांवर आघाडीतल्या मित्रांचीही मतं यालाच पडली असणार. मित्रांची उसनी मतं धरूनही दर जागेला जेमतेम तेवढीच मतं म्हणजे स्वतःची नक्कीच घटलेली. आणि जिंकण्याचं प्रमाण दर चार जागांना एक होतं ते दर सात जागांना एक झालं. समोरची मतं इंदिरा गांधींच्या मागे एकवटली होती.

इथे टक्केवारीवर विश्वास ठेवून थांबू नका. प्रत्येक आकड्यापुढे 'लढवल्या किती' हा रकाना हवाच. त्याशिवाय छोट्या पक्षाचा कुठलाही आलेख खोटं बोलतो.

राज्यवार फोड: वहीचं खरं पान

एकूण बेरीज ही सोय आहे, पक्ष नव्हे. हे पान सगळ्यांत जास्त वेळ खाईल. खाऊ द्या.

१९६२ चे १८ असे: बिहार ७, गुजरात ४, राजस्थान ३, उत्तर प्रदेश ३, आंध्र १. १९६७ चे ४४ असे: गुजरात १२, राजस्थान ८, ओडिशा ८, मद्रास ६, म्हैसूर ५, आंध्र ३, उत्तर प्रदेश १, मध्य प्रदेश १. बेरीज करून बघा, जुळते. १९७१ चे ८: ओडिशा ३, राजस्थान ३, गुजरात २.

बिहार कुठे गेला? १९६२ ला सगळ्यांत मोठा वाटा बिहारचा होता, विधानसभेतही ५० आमदार. १९६७ ला लोकसभेत शून्य, विधानसभेत ३. बिहारमधल्या मतदाराने पाच वर्षांत मुक्त अर्थव्यवस्थेबद्दलचं मत बदललं का? नाही. रामगढचे राजे पक्ष सोडून गेले. जाताना आपली माणसं, मोटारी आणि मतं घेऊन गेले. आमच्याकडे एखादा मोठा ठेवीदार एका दुपारी सगळ्या मुदतठेवी मोडून शेजारच्या बँकेत न्यायचा, तसंच. शाखेच्या अहवालात त्या तिमाहीला 'ठेवींत घट' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून ते लाल पेन. लाल नाव दिसलं की त्याच्या राज्याचा आकडा ही पक्षाची ठेव नसून त्या माणसाची ठेव आहे असं समजायचं.

गुजरात मात्र निळ्या पेनाचं. १९६२ ला विधानसभेच्या १५४ पैकी २६, १९६७ ला १६८ पैकी ६६, आणि काँग्रेस ९३ वर. इथेही राजे होते, पण भाईकाकांच्या मागे पाटीदार शेतकरी होता, गावोगाव माणसं होती. मसानींसारखा मुंबईचा पारशी माणूस १९६३ च्या पोटनिवडणुकीत राजकोटहून निवडून आला तो या पायावर. ओडिशात १९६७ ला १४० पैकी ४९ आमदार आणि सिंह देव मुख्यमंत्री, जानेवारी १९७१ पर्यंत. पक्षाला मिळालेलं एकमेव मुख्यमंत्रिपद, आणि तेही विलीन होऊन आलेल्या माणसाला.

आणि महाराष्ट्र? शून्य. १९६२ ला शून्य, १९६७ ला शून्य. ज्या पक्षाचं पूर्वतयारीचं अधिवेशन मुंबईत, सरचिटणीस मुंबईचे माजी महापौर, पैसा मुंबईचा, आणि ज्या ठरावावरून पक्ष निघाला तो ठरावही नागपूरचा, त्याला महाराष्ट्रात एक आमदार मिळाला नाही. मी या शून्यावर वहीची तीन पानं खर्च केलीत. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आपल्याकडे 'सहकार' हा शब्द शिवीसारखा वापरता येत नव्हता. प्रवरेचा साखर कारखाना १९५० पासून उभा होता, धनंजयराव गाडगीळ आणि विखे पाटलांनी उभा केलेला. उसाला भाव मिळत होता, गावात रस्ता येत होता. नागपूर ठरावातली संयुक्त शेती आणि सहकारी कारखाना या दोन फार वेगळ्या गोष्टी, पण सभेत उभं राहून 'सहकारी शेतीचा धोका' म्हटलं की ऐकणाऱ्याला कारखानाच आठवणार. काँग्रेस यशवंतराव चव्हाणांच्या हातात, बहुजन शेतकऱ्याची. काँग्रेसवर रागावलेल्या शेतकऱ्याला शेतकरी कामगार पक्ष होता. आणि इथे लाल पेनाने लिहावा असा एकही मोठा राजा या पक्षाकडे आला नाही. उरला मुंबईतला इंग्रजी वाचणारा वर्ग. तो वर्तमानपत्राला पत्रं छान लिहितो.

तुमच्या वहीत ज्या ठिकाणी शून्य आहे, तिथेही असं पान करा. जिंकलेल्या जागा पक्षाचे मित्र दाखवतात. पक्षाची भाषा कुणाला कळली नाही ते शून्यावर समजतं.

पैसा

थोडक्यात. १९६१ मध्ये जे.आर.डी. टाटांनी नेहरूंना कळवलं की आपला समूह काँग्रेसबरोबर स्वतंत्र पक्षालाही देणगी देणार. लपवाछपवी नव्हती. मग १९६९ मध्ये कंपन्यांनी पक्षांना देणग्या द्यायलाच कायद्याने बंदी आली. सत्ताधारी पक्षाला पैसा मिळायच्या इतर वाटा असतात, विरोधी पक्षाला नसतात. त्यातून उघड धनादेशावर चालणाऱ्याला फटका जास्त. वहीत हा रकाना निवडणुकीच्या रकान्याला लागून ठेवा. १९६९ ची बंदी आणि १९७१ च्या ५९ जागा शेजारी आल्या की नजर आपोआप थांबते. एकामुळेच दुसरं झालं असं मात्र लिहू नका, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह पुरे.

मरण एका तारखेचं नसतं

मृत्यूचा दाखला १९७४ चा आहे. त्या वर्षी पिलू मोदींनी पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात नेला. पण कारणं लिहिताना १९६९ पासून सुरुवात करा.

काँग्रेस फुटली. संघटना काँग्रेसमध्ये मोरारजी देसाई होते, जुने, शिस्तीचे, इंदिरा गांधींच्या डावीकडे झुकण्याला विरोध करणारे. गुजरातमधल्या पाटीदाराला आता काँग्रेसवर रागवायला काँग्रेस सोडायची गरज राहिली नाही. १९७१ ला गुजरातमध्ये २४ पैकी ११ जागा इंदिरा काँग्रेसला, ११ संघटना काँग्रेसला, २ स्वतंत्रला. चार वर्षांपूर्वीचे १२ आठवा. माझ्या मते पक्ष इथे मेला, बाकीचे सोपस्कार.

बँका गेल्या, पक्षाचा माणूस कोर्टात जिंकला, चार दिवसांत हरला. संस्थानिकांचे तनखे बंद करायचं ठरलं, तेही आधी कोर्टात अडलं आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने गेलं. समोर 'गरिबी हटाओ' आणि हा पक्ष महाराजांच्या तनख्यासाठी भांडताना दिसला. तत्त्वाने बरोबर असेल, सरकारने दिलेला शब्द सरकारने पाळावा. पण सभेत ते कसं सांगायचं? माझ्या कॅशियरला मी विचारलं असतं तर म्हणाला असता, महाराजांचं खातं वेगळ्या काउंटरला घ्या.

मसानी तोवर पक्षाचे अध्यक्ष झाले होते; ते राजकोटला हरले आणि पराभवाची जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं. रंगा पुढे काँग्रेसमध्ये परतले. राजाजी गेले. पहिल्या पानावरचा 'सोबत काय आणलं' हा रकाना आता उलटा भरा, 'जाताना काय नेलं'. दोन्ही रकाने शेजारी वाचा. माझ्या वहीत शेवटी उरतं ते जाहीरनाम्याचं कागदी बाड आणि तारा हे निवडणूक चिन्ह.

मेल्यानंतरची पानं

इथे दोन खड्डे आहेत.

पहिला आकड्यांचा. १९७७ च्या लोकसभा अहवालात भारतीय लोकदलापुढे २९५ जागा आणि ४१ टक्क्यांवर मतं दिसतील. दचकू नका. जनता पक्ष तेव्हा बहुतेक ठिकाणी लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढला, म्हणून ती नोंद तशी आहे. ते आकडे स्वतंत्रच्या वारसांचे म्हणून वहीत चढवायचे नाहीत. मी पेन्सिलीने चढवले होते, खोडले.

दुसरा वारशाचा. मालमत्तेचा हक्क हा ज्या पक्षाचा प्राण, तो पक्ष लोकदलातून जनता पक्षात विरघळला, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क काढून टाकला तो जनता सरकारनेच. म्हणून 'विलीन झाला' या शब्दाच्या पुढे नेहमी लिहा: कशाच्या बदल्यात, आणि पुढे काय झालं.

महाराष्ट्रातली नोंद मात्र बंद करताना हात थांबतो. मुंबईतल्या काही मंडळींनी विलीनीकरण मानलंच नाही आणि पक्षाची महाराष्ट्र शाखा नावापुरती चालू ठेवली. मग १९८९ पासून नियम आला की नोंदणी हवी असलेल्या पक्षाने समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यायचं. यांनी ते लिहून द्यायला नकार दिला आणि १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. एकही आमदार कधी न मिळालेली शाखा, आणि नोंदणीसाठी खोटं लिहायला तयार नाही! हसू येतं आणि टोपीही काढावीशी वाटते.

त्याआधी दोन वर्षं, १९९४ मध्ये, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजाजींचंच सूत्र, पण बोलणारा कांद्याच्या भावावर रस्ता अडवलेला माणूस. २००४ ला त्यांना राज्यसभा मिळाली. ९ मार्च २०१० ला महिला आरक्षण विधेयकावर १८६ विरुद्ध १ असं मतदान झालं, त्यातला तो १ म्हणजे जोशी.

हा जुन्याच खात्याचा पुढचा भाग की नवं खातं? मी बराच घोळ घातला. नाव सारखं, विचार जवळचा, पण खातेदार वेगळे, ठेवी वेगळ्या, विलीनीकरणाचा कागद नाही. बँकेच्या नियमाने नवं खातं. म्हणून जोशींच्या पक्षाला नवीन पान दिलं, समासात मागच्या पानाचा क्रमांक टाकला. आणि महाराष्ट्र शाखेच्या जुन्या पानावर शेवटच्या रकान्यात 'बंद' असं न लिहिता, वर्षानुवर्षं व्यवहार नसलेल्या खात्यावर आम्ही मारायचो तो शिक्का आठवून, पेन्सिलीने लिहिलंय: इनऑपरेटिव्ह.